निळ्या विहिरींचा वाटाड्या

४ नोव्हेंबर १५१८, पुएर्तो प्लाता

आज जहाजावर रुजू झालो. ‘सांता इनेस’ तसं लहानच जहाज, एकवीस माणसांचं, पण नुकतंच डांबर फासलेलं आहे आणि शिडं नवी कोरी आहेत. मठात सहा वर्षं दुसऱ्यांची पत्रं नकलून पाठीला पोक यायची वेळ आली होती. आता मी दुभाषा आहे. लोक मला काहीतरी विचारणार आणि मी त्यांना सांगणार, एवढ्यानेही छाती फुगते.

सामान एका पोत्यात मावलं. दोन सदरे, कसाबा कंदाच्या भाकऱ्यांची चवड, मिरच्या, टांगायची झोळी आणि ही वही. वही फादर आंब्रोसियोंनी दिली. म्हणाले, हेरोनिमो, इथे तुझी बडबड ऐकायला आम्ही होतो, समुद्रावर ही ऐकेल.

स्वयंपाकी सिमोन कानारी बेटांवरचा आहे, तोंडाचा फटकळ. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मी अर्धा कुठला ते विचारलं. आई याच बेटावरची, बाप कास्तीलचा गवंडी, असं मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, मग वरचा अर्धा कोणाकडचा ते सांग, म्हणजे तुला काय वाढायचं ते मला कळेल. संध्याकाळपर्यंत माझं नाव ‘पोपट’ पडलं होतं. मला राग आला नाही. पोपटाला निदान दोन भाषा येतात.

कप्तान मेल्चोर किंतेरो आडव्या बांध्याचा आहे. त्याची दाढ दुखते, त्यामुळे सदा गालावर हात. त्याने सांगितलं की आपण उत्तरेला लुकायो बेटांवर जाणार, तिथे मागे राहिलेली माणसं शोधून त्यांना चर्चच्या पदराखाली आणणार. आणलेली माणसं पुढे कुठे जातात ते मी बाजारात ऐकलेलं आहे. दक्षिणेला मोत्यांसाठी बुड्या मारायला, नाका-कानांतून रक्त येईपर्यंत. पण सगळे हेही सांगतात की ती बेटं पाच वर्षांपूर्वीच रिकामी झाली. म्हणजे आम्ही भटकणार, कोणी सापडणार नाही आणि परत येणार. माझा समुद्र पाहून होईल.

६ नोव्हेंबर

काल पहाटे नांगर उचलला. दिवसभर पोटातलं सगळं समुद्राला दिलं. सिमोनने अख्खी मिरची चावायला लावली, तेव्हा थांबलं.

जहाजावर वाट काढणारे दोघे आहेत. एक आंतोन रास्कोन, राजाच्या परवान्याचा पिलोतो. त्याच्याकडे होकायंत्र आहे, पितळी चकती आहे, चामड्याच्या नळीत नकाशा आहे. तो कप्तानाशेजारी जेवतो. नकाशा मला त्याने कौतुकाने दाखवला. लुकायो बेटांच्या जागी माश्या बसल्यासारखे ठिपके, बाकी सगळं कोरं.

दुसरा दोरखंडाच्या वेटोळ्यात झोपतो. त्याला सगळे ख्रिस्तोबाल म्हणतात. पन्नाशीचा असेल, कपाळावरचे केस सरळ कापलेले, डाव्या घोट्याभोवती बेडीचा जुना वण. मी त्याला आईच्या भाषेत नाव विचारलं. तो म्हणाला, बायामाको. माझी आई कुठली ते त्याने विचारलं. मारियेनची, असं सांगितल्यावर म्हणाला की त्याची मावशी मारियेनला दिली होती, तेव्हा मी त्याचा भाचा. त्याची बोली आईपेक्षा थोडी वेगळी आहे, शब्दाचं शेपूट ओढतो. पण आई जाऊन दहा वर्षं झाली, इतक्या वर्षांत मला या भाषेत नात्याने हाक मारणारं कोणी भेटलं नव्हतं. मीही त्याला मामा म्हणून मोकळा झालो.

दुपारी पहिलं काम पडलं. कप्तानाने त्याला समोर उभं केलं आणि मला सांगायला लावलं की तू आम्हाला माणसं दाखव, मग तुला तुझ्या बेटावर तुझ्या बायकोपाशी सोडून देऊ. मी शब्दाला शब्द सांगितलं. मामाने मान हलवली. मग कप्तान रास्कोनकडे वळून हसला आणि म्हणाला, असला वाटाड्या कोण सोडतो, त्यापेक्षा मी डोलकाठी तोडून देईन. मामाने मला विचारलं, आता काय म्हणाला?

“तुमची तारीफ करतायत, मामा,” मी म्हणालो.

लिहायला नको होतं, पण फादरनी वहीला खोटं सांगू नकोस म्हटलंय.

९ नोव्हेंबर

हा माणूस काय आहे ते तीन दिवसांत कळलं. तो जहाजाच्या नाळेवर, अगदी टोकाला अनवाणी उभा राहतो आणि हात वर करतो. हात डावीकडे कलला की सुकाणूवाला डावीकडे वळतो. पाणी पिवळट असेल तर खाली वाळू, तपकिरी असेल तर प्रवाळ, दुधी असेल तर चिखल. खोली मोजायला दोरीने सोडलेल्या शिशाच्या गोळ्याला लागून आलेली वाळू तो जिभेवर ठेवतो आणि कोणत्या बेटाचा किनारा किती लांब ते सांगतो. काल त्याने एका ढगाकडे बोट दाखवलं. ढगाचं पोट हिरवट होतं. खाली उथळ खाजण आहे, त्याचा रंग वर पडलाय, म्हणाला. आज सकाळी त्याच ढगाखाली बेट निघालं.

रास्कोन हे सगळं माझ्याकडून समजून घेतो आणि आपल्या वहीत उतरवतो. मी मागून वाचलं. ‘मी पाण्याच्या रंगावरून अमुक दिशा धरली’, ‘मी ढगावरून बेट ओळखलं’. मी भीत भीत म्हणालो की ख्रिस्तोबालचं नाव राहिलंय. त्याने लेखणी थांबवली, पण चिडला नाही.

“शिशाच्या गोळ्याचं नाव लिहितात का रे वहीत?” एवढंच म्हणाला.

बेटावर उतरलो. वस्ती होती, माणसं नव्हती. छपरं आत पडलेली, चुलीतून झाडं उगवलेली. झोळ्या टांगायचे दोर तसेच लोंबत होते. कप्तानाची माणसं गेल्या पावली परत फिरली. मामा मात्र प्रत्येक घरापुढे थांबला आणि नावं घेत गेला. एका घरापुढे नऊ नावं, एकापुढे चौदा. नाव घेऊन तो जरा थांबायचा, ओ येण्याची वाट बघावी तसा. कप्तानाने विचारलं काय चाललंय. प्रार्थना, मी सांगितलं.

माझ्या मनाला बरं वाटत होतं, कारण बेट रिकामं होतं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

१३ नोव्हेंबर

तिसरं बेटही रिकामं. कप्तानाची दाढ सुजली आहे आणि डोकं फिरलं आहे. त्याने मामाला डोलकाठीला बांधून दिवसभर उन्हात ठेवलं, पाण्याचा थेंब नाही. मी दोनदा पाणी घेऊन गेलो, दोन्ही वेळा तांडेलाने भांडं काढून घेतलं. दुसऱ्या वेळी म्हणाला, तिसऱ्यांदा आलास तर शेजारी बांधीन. मी तिसऱ्यांदा गेलो नाही.

ऊन कलल्यावर मामा बोलला.

“सगळे एकाच ठिकाणी आहेत. मीच पोचवलंय त्यांना.”

मी जसंच्या तसं सांगितलं. कप्तानाने मांडीवर थाप मारली. लपवून ठेवलेत लेकाने, म्हणाला, आणि स्वतःच्या हाताने त्याचे दोर सोडले. त्याला मद्य पाजलं.

१४ नोव्हेंबर

मामाशेजारी बसलो होतो. त्याच्या ओठांची साल निघाली आहे. मी विचारलं, ती जागा कशी आहे.

त्याने सरळ उत्तर दिलं नाही. याआधी सात सफरींना त्यानेच वाट दाखवली, असं म्हणाला. सातही वेळा तो असाच नाळेवर हात वर करून उभा होता आणि सातही वेळा परतताना जहाजाच्या पोटातला कोठा माणसांनी भरलेला होता. मी विचारलं, परतीची वाट तो कशी लक्षात ठेवतो.

“ती कशाला लक्षात ठेवायची? कोठ्यात मेलेले पाण्यात टाकत जायचे, भाच्या. एक मागे पडायच्या आत पुढचा तरंगताना दिसायचा. पुढच्या वेळी त्यांच्या कडेकडेने गेलं की आलंच तुझं एस्पान्योला बेट.”

तिसऱ्या सफरीत कोठ्यात त्याच्या दोन मुली होत्या आणि बायको. खाली त्या तिघी, वर हा. त्याने हात वर केलेला होता.

चौथ्यापासून मला वाट दिसत नाही, म्हणाला. पाण्याचे रंग मी तुला आधीचे आठवून सांगतो. हात मात्र आपोआप वर होतो. कोपराला खालून कोणीतरी धरतं आणि कलवतं. मी हसायचा प्रयत्न केला. तो गंभीर होता, आणि दमलेला. एखाद्याने गुडघेदुखी सांगावी तसं सांगत होता.

मग ‘पोचवलंय’ चा अर्थ कळला. त्यांच्याकडे मेलेल्याला पुरत नाहीत. उथळ समुद्रात मध्येच गोल, अथांग विहिरी आहेत, त्यांत सोडतात. जहाज पाणी भरायला थांबलं की हा किनाऱ्याला लागलेली प्रेतं गोळा करायचा आणि जवळच्या विहिरीत नेऊन सोडायचा. एकटा. जमतील तेवढी. बायको-मुली त्याला सापडल्या नाहीत. पण विहिरी खालून एकमेकींना मिळालेल्या असतात, त्या आल्या असतील पोहत, असं म्हणाला.

मी धावत कप्तानाकडे गेलो. म्हटलं, तो मेलेल्यांबद्दल बोलतोय, जिवंत कोणी नाही. कप्तानाने गालावरचा हात न काढता ऐकून घेतलं. मग म्हणाला की पोपटाने शिकवलेलं बोलावं, स्वतःचं बोलू नये. मी रास्कोनकडे पाहिलं. तो नकाशाची नळी पुसत बसला. या उथळ पाण्यातून त्याचा त्याला परत जाता येणार नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

१६ नोव्हेंबर

दोन दिवस पाण्यावर सुरकुती नाही. मचव्यात बसून वल्ही मारत माणसं जहाज ओढतात. पाणी इतकं नितळ आहे की जहाजाची सावली खाली वाळूवरून सरकताना दिसते. दोन पुरुष खोली, कुठे कुठे दीडच.

सकाळी पहिली विहीर लागली. पांढऱ्या वाळूत काळंनिळं, गोल भोक, गावच्या चौकाएवढं. ओहोटीला पाणी त्यात आत ओढलं जातं आणि भरतीला उसळून बाहेर येतं. खलाशी म्हणाले, श्वास घेतंय. मामाने माझी कसाबाची भाकरी मागितली आणि चुरून आत टाकली. चुरा गोल गोल फिरत खाली गेला.

दुपारी बेट दिसलं. बेटापुढे, गुडघाभर पाण्यात, माणसं एका ओळीत उभी होती.

डेकवर एकच आरडाओरडा झाला. कप्तानाने मला मिठी मारली. मी मामाकडे पाहिलं. त्याचा हात वरच होता आणि तो रडत होता.

१७ नोव्हेंबर

एकतीस माणसं आणली. साखळ्या कापडात गुंडाळून नेल्या होत्या, त्या सोडाव्याच लागल्या नाहीत. कोणी पळालं नाही. मचवा किनाऱ्याला लागला तशी ती एकेक करून येऊन बसली, बाजाराला निघाल्यासारखी. सगळ्यांच्या हातांत पेरू होते. सिमोन म्हणाला, असले पाहुणे रोज यावेत. पण त्याने त्यांतल्या कोणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही, हे मला दिसलं.

कोठ्यात उतरून मी नावं विचारायला लागलो. तेच माझं काम. पहिल्या बाईने नाव सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं. सातव्या-आठव्या नावाला माझा हात थांबला, कारण ही नावं मी ऐकली होती. नऊ तारखेला, पडक्या घरांपुढे.

अंगावर त्यांच्या रीतीप्रमाणे काही नव्हतं. वरच्या झरोक्यातून ऊन थेट त्या बाईच्या पोटावर पडलं होतं. आई सांगायची, मेलेली माणसं जिवंतांत येऊन मिसळतात, पेरू खातात, हसतात, बोलतात; ओळखायची खूण एकच. त्यांना बेंबी नसते. म्हणून अंधारात कोणी जवळ आलं तर आधी पोटाला हात लावून बघायचा.

इथे अंधार नव्हता. भर दुपार होती. तिचं पोट सपाट होतं, ताटासारखं गुळगुळीत. तिच्या शेजारच्याचंही.

तिने मला पेरू पुढे केला. मी घेतला नाही.

१८ नोव्हेंबर

कप्तानाला कोठ्यात नेलं. दाखवलं. त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, काही जातींत अशी ठेवण असते. वर जाताना त्याचा पाय पायरीवरून घसरला.

परत निघायचा हुकूम सुटला. कोठ्यात घाण नाही, गरमी नाही, घामाचा वास नाही. एकतीस माणसं आणि ओल्या दगडासारखा गारवा. दिलेलं पाणी तसंच, भाकऱ्या तशाच.

संध्याकाळी मोजली. सेहेचाळीस.

मचवा दिवसभर जहाजाच्या बाजूला टांगलेला होता. कोणीही गेलं-आलेलं नाही. तांडेलाने दोनदा मोजली, मग मला शिव्या दिल्या.

१९ नोव्हेंबर

चौऱ्याऐंशी. मध्ये कोणी चढताना दिसत नाही. सगळ्यांच्या मांड्यांवरून पाणी निथळतंय.

सुताराने आणखी एक गोष्ट दाखवली. जहाजाच्या बाहेरच्या अंगाला तो पाण्याची रेघ खडूने मारून ठेवतो. पाणी रेघेच्या वर हातभर आलंय. गळती नाही. जहाज जड झालंय. खाली दीड पुरुष पाणी आणि वाळू.

खलाशांनी वजन कमी करायला तोफ टाकली. पिंपं टाकली. खडू मारला. तासाभरात पाणी पुन्हा खडूवर.

मामाला विचारलं, हे तुम्ही केलंत का? तो म्हणाला, मला करता येत असतं तर तिसऱ्या सफरीतच नसतं केलं? मी फक्त उभा राहतो, भाच्या.

२० नोव्हेंबर

सिमोन सकाळपासून नव्हता. कोठ्यात सापडला. त्या बाईशेजारी पाय पसरून बसला होता, पेरू खात. मी हाक मारली तर हसला आणि उत्तर दिलं. माझ्या आईच्या भाषेत. त्याला त्या भाषेतला एक शब्दही येत नव्हता.

सदरा वर कर, मी म्हणालो. त्याने केला.

कप्तानाने हुकूम दिला, सगळ्यांना पाण्यात टाका. खलाशांनी एकेकाला उचलून टाकलं. कोणी हात झाडले नाहीत. कठड्यावरून जाताना काहींनी टाकणाऱ्याच्या खांद्यावर थोपटलं. दोन तास चाललं होतं. पाणी बायकांच्या केसांनी काळं झालं. मग ते सगळे शांतपणे खाली गेले.

माझं काम नव्हतं. मी कोपऱ्यात उभा होतो. शेवटी टाकायला मीही त्यांतल्या एका म्हाताऱ्याचे पाय धरले.

२१

सकाळी कोठा भरलेला. मोजता येत नाही. उभे आहेत, खांद्याला खांदा. टाकलेले सगळे, आणि इतर. पायरीपर्यंत.

आमचे सात खलाशी त्यांच्यात. तांडेल पण.

होकायंत्रावर दक्षिण बघितली. दक्षिणेला गेलो. दुपारी समोर काळंनिळं भोक. भाकरीचा चुरा अजून कडेला फिरत होता. माझ्या भाकरीचा.

२२

रास्कोन नकाशा घेऊन मामापुढे बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझ्यामार्फत विचारलं, इथून बाहेर जायला खोल पाणी कुठे आहे.  त्याला ‘मामाजी’ म्हणाला — म्हणजे मी तसं सांगितलं, तो म्हणाला ‘सेन्योर ख्रिस्तोबाल’.

मामाने पाण्याकडे पाहिलं. जहाज आता पावणेदोन पुरुष बुडलंय. तळ घासतो तेव्हा दात शिवशिवतात.

“एवढं जहाज मावेल असं पाणी इथे एकाच ठिकाणी आहे,” तो म्हणाला.

मी सांगितलं नाही. रास्कोन माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने मामाच्या बोटाच्या रोखाने पाहिलं आणि त्याला कळलं. दुभाषा लागला नाही.

२२, नंतर

कप्तान डेकवर उभा राहून हुकूम देतोय. सगळं आईच्या भाषेत. शेपूट ओढून. गालावर हात नाही. दाढ दुखत नसावी.

आता मला कोणालाच काही समजावून सांगावं लागत नाही. सगळे एकच भाषा —

रास्कोन कठड्यावरून पाण्यात उतरला. नळी मागे ठेवून.

२३?

वर फक्त मी आणि मामा. खाली पायऱ्यांवर ते. वर येत नाहीत. थांबलेत. कुणाला घाई नाही.

एक बाई पायरीवरून वर आली. दोन मुली मागे. मामाने हात खाली घेतला. किती दिवसांनी. तिने त्याच्या पोटावर हात ठेवून पाहिलं. बेंबी चाचपली. मग हात मागे घेतला आणि थोडी बाजूला जाऊन बसली. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. जिवंत असल्याची एवढी शरम मी कोणाच्या तोंडावर पाहिली नव्हती.

मी त्याला खरं सांगितलं. सहा तारखेचं. ती तारीफ नव्हती, मामा.

तो म्हणाला, माहीत होतं. तुझा आवाज चांगला होता म्हणून विश्वास ठेवला.

मग म्हणाला, मचव्यातून जा. मचवा उथळ पाण्यातून निघेल. मी म्हटलं तुम्हीही चला. त्याने बायकोकडे बोट दाखवलं. मी पाय धरले, वाट सांगा म्हटलं. तुम्हाला दिसत नसेल तर आठवून सांगा. आधीची सांगा.

तो सांगतोय. लिहून घेतो.

वाट सांगणार बायामाको, लुकायो बेटांवरचा. लिहून घेणार हेरोनिमो. इथे ख्रिस्तोबाल नावाचं कोणी नव्हतं. रास्कोनने काही ओळखलं नाही. सगळं याने —

सकाळचं ऊन डाव्या गालावर ठेवायचं. पिवळं पाणी सोडायचं नाही. तपकिरी दिसलं की डावीकडून. दुसऱ्या दिवशी पाण्यात काठीसारखा खडक, त्यावर काळे पक्षी. पक्षी संध्याकाळी उडतील तिकडे पाठ करायची. वाळू चाखायची, गोडसर लागली तर —

जहाज सरकतंय. वारा नाही.

गोडसर लागली तर थांबायचं, खारट-तुरट लागेपर्यंत पूर्वेला. मग हिरवट ढग —

मामा म्हणतो जा. आत्ता.

मचव्यात

विहिरीवर गेलं जहाज. आवाज झाला नाही. कोणी ओरडलं नाही. शिडाचं टोक शेवटी. तो नाळेवर होता, बसलेला. ती त्याच्याजवळ आली की नाही ते दिसलं नाही. मला दिसलं नाही.

पिवळं पाणी धरून चाललोय. ऊन डाव्या गालावर. पाण्याचं पिंप एक, वल्ही दोन.

दुसरा दिवस

खडक आला. काळे पक्षी. बरोबर सांगितलं त्याने. सगळं बरोबर.

वल्हं जड लागतंय. दमलो असेन.

वाळू चाखली. गोडसर. पूर्वेला.

तिसरा

हिरवट ढग दिसला. माणसाची सवय, मोठ्याने म्हणालो, मामा, ढग.

मागून कोणी ओ दिली नाही. मागे वळून पाहिलं. फळ्या ओल्या आहेत. बाकी काही नाही. पिंप, पोतं, मी.

पोटाला हात लावून पाहिला. आहे. बेंबी आहे. अजून आहे.

ढग जवळ येतोय. वल्हं दोन्ही हातांनी ओढवत नाही. सकाळी मचव्याची कड पाण्यावर वीतभर होती. पिंप टाकलं. पोतं टाकलं. सदरे टाकले. मचव्यात मी एकटा आहे, एकटाच, मोजलं, तरी कड पाण्यावर चार बोटं — तीन